‘जावं लागतं’ कुठे येतं ते शोधा: मुलाखतींतून ग्राहकाचं काम कसं काढायचं

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दूध उत्पादकांसाठी ॲप बनवणाऱ्या एका गटाने गावोगावी जाऊन १४ मुलाखती घेतल्या. रेकॉर्डिंग इंग्रजीत टंकून घेतलं, त्यातली वाक्यं रंगीत चिठ्ठ्यांवर उतरवली, भिंतीवर चिकटवली आणि सारख्या चिठ्ठ्या एकत्र केल्या. चार गठ्ठे पडले: ‘चांगला दर’, ‘वेळेवर पैसे’, ‘सोपं ॲप’, ‘विश्वास’. आता वरचे विचारतायत की लोकांना नेमकं काय साधायचंय आणि आपण बनवायचं काय. नमुन्याला एक वाक्यही दिलंय. दूध घातल्यावर संकलन केंद्रावर जी छापील चिठ्ठी मिळते तिच्याबद्दल एक ताई म्हणाल्या, “चिठ्ठ्या मी डब्यात ठेवते.” ते ‘विश्वास’च्या गठ्ठ्यात आहे.

तुमच्या चारही गठ्ठ्यांबद्दल माझी एकच तक्रार आहे. हे चार शब्द मुलाखतींना निघण्याआधीही तुम्ही कागदावर लिहून देऊ शकला असता. दूध घालणाऱ्या माणसाला चांगला दर आणि वेळेवर पैसे हवेत हे कळायला १४ गावांचं डिझेल जाळायची गरज नव्हती. म्हणजे मुलाखती वाया गेल्या असं नाही. माझा अंदाज आहे की माल रेकॉर्डिंगमध्येच पडून आहे आणि गाळताना तो चोथ्याबरोबर गेला.

मुलाखती घेऊन त्यांचा अर्थ लावायचं काम मी सतरा-अठरा वर्षं करतोय आणि पहिली पाच-सहा वर्षं मीही हेच करत होतो. त्यामुळे खाली जे लिहितोय ते बरंचसं ठेच लागून आलेलं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. मुलाखतीत माणूस दोन प्रकारचं बोलतो. एक, घडलेलं सांगतो. दोन, स्वतःच्या वागण्याची कारणं सांगतो. आपण विश्लेषणात दुसऱ्यावर झडप घालतो, कारण ते आयतं निष्कर्षासारखं दिसतं. पण ते सगळ्यात कच्चं. अमेरिकेत १९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी याबद्दल एक गाजलेला लेख लिहिला. त्यातल्या एका प्रयोगात दुकानात नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड मांडले होते आणि गिऱ्हाइकांना विचारलं, सगळ्यात चांगला कुठला? सगळ्यात जास्त पसंती उजव्या टोकाच्या जोडाला मिळाली. कारण विचारल्यावर वीण, पोत असं काहीबाही सांगितलं. चारही जोड हुबेहूब एकच होते. जागेमुळे निवडला असं कुणीच म्हणालं नाही. ती माणसं खोटं बोलत नव्हती. विचारलं म्हणून त्यांनी कारण शोधून दिलं, इतकंच. तुमचे ‘सोपं हवं’ आणि ‘विश्वास वाटायला हवा’ हे मला त्या विणीसारखे वाटतात.

म्हणून मी मतांवर काम करत नाही. प्रसंगावर करतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या अभ्यासातून ही पद्धत बसवली आणि १९५४ मध्ये ती सविस्तर मांडली. ‘चांगला वैमानिक कसा असतो’ असं विचारायच्या ऐवजी ‘मागच्या वेळी काय घडलं, नेमकं कोणी काय केलं’ असं विचारायचं. आपल्या धंद्यात आता सगळे ‘ग्राहकाचं काम’ (म्हणजे वस्तू घेऊन माणसाला जे साधायचं असतं ते) हा शब्द वापरतात आणि व्यवस्थापनाचे प्राध्यापक क्लेटन क्रिस्टेन्सन यांची मिल्कशेकची गोष्ट सांगतात: सकाळी लोक मिल्कशेक घ्यायचे ते गाडीतल्या लांबच्या, कंटाळवाण्या प्रवासाला सोबत म्हणून. गोष्ट सांगताना एक तपशील मात्र गळतो. कोणी विचारण्याआधी एक माणूस दुकानात तासन्‌तास उभा राहून लिहीत होता, कोण किती वाजता आलं, एकटं होतं का, बरोबर आणखी काही घेतलं का, तिथेच बसलं की घेऊन गेलं. कशासाठी घेतलं हा प्रश्न त्यानंतर आला.

आता माझ्याकडचं एक उदाहरण उघडून दाखवतो. उत्तर पुणे जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यातल्या या मुलाखती. एक छोटी कंपनी विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू-बंद करायचं यंत्र विकत होती. विक्री बरी होती, पण यंत्रं परत येत होती. शेतीच्या थ्री फेज लाईटचं (मोटर नीट चालायला तिन्ही फेजची वीज लागते) तिथलं वेळापत्रक तेव्हा असं होतं: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत माणूस झोपेतून उठून विहिरीवर जातो, म्हणून त्याला घरबसल्या मोटर चालू करायची सोय द्या, असा कंपनीचा साधा हिशेब. एका शेतकरीदादांच्या मुलाखतीतला हा तुकडा, जसाच्या तसा:

“मोटर चालू करायला काय, बटण दाबायचं. पण लाईट कधी येईल याचा नेम नाही. पहिला ऑटो होता. उन्हाळ्यात एकदा दोनच फेज आले, मोटर जळाली. मग ऑटो काढून टाकला. आता लाईट आली की जावं लागतं. परवा रात्री भाऊ म्हणला मी जातो. म्हणलं एकटा नको, बिबट्या आहे उसात. मग दोघं गेलो बॅटरी घेऊन. पोचलो तवर लाईट गेलती. आलो माघारी.”

कंपनीच्या तक्त्यात या तुकड्याचं इंग्रजीत दीड ओळीचं सार होतं. वापरकर्त्याला पंप दुरून सुरू करायचा आहे, सुरक्षिततेची काळजी वाटते. दोन चिठ्ठ्या झाल्या, ‘दुरून नियंत्रण’ आणि ‘सुरक्षितता’. भिंतीवर सुरेख दिसत होत्या.

आता तेच सावकाश वाचू. पहिलंच वाक्य: “मोटर चालू करायला काय.” म्हणजे कंपनी जी अडचण सोडवायला निघाली होती ती अडचणच नाही, असं तो तोंडावर सांगतोय. दुसरं, ऑटो. लाईट आली की आपोआप मोटर चालू करणारा ऑटो स्विच गावात कित्येक वर्षांपासून आहे आणि स्वस्त आहे. मोटर आपोआप चालू होणं हेच काम असतं तर ते त्याने कधीच उरकलं होतं. पण त्याने ऑटो बसवला आणि काढला. माणसाने वापरून सोडून दिलेला उपाय म्हणजे मुलाखतीतला सगळ्यात महागाचा ऐवज, त्याच्याभोवती अर्धा तास घालवला तरी चालेल. का काढला? एक फेज नसताना मोटर चालू राहिली, जवळ कोणी नव्हतं, वाइंडिंग जळालं. रिवाइंडिंग करून मोटर पुन्हा विहिरीत सोडेपर्यंत उभ्या पिकाला पाणी नाही. (वीज कंपनीही ऑटो काढा म्हणत असते, कारण लाईट येताक्षणी सगळ्या मोटरी एकदम चालू होऊन ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. पण आमच्या एकाही मुलाखतीत हे कारण आलं नाही. प्रत्येकाला स्वतःच्या मोटरीची पडलेली.)

तिसरं, भावाची गोष्ट. इथे ‘सुरक्षितता’ ही चिठ्ठी कशी फसवते बघा. त्याला स्वतःची भीती वाटते असं तो म्हणालाच नाही. धाकट्याला एकट्याला पाठवायचं की नाही हा निर्णय रात्री दोन वाजता त्याच्यावर येतो आणि त्याची किंमत म्हणजे दोघांची झोप. आणि शेवट, “पोचलो तवर लाईट गेलती. आलो माघारी.” हे वाक्य तक्त्यात नव्हतंच. टंकणाऱ्याला ते गोष्टीचं शेपूट वाटलं असणार. माझ्या मते सगळी मुलाखत या शेपटात आहे. निघायच्या आधी कळलं असतं तर तो निघाला नसता.

तेव्हा काम असं लिहिलं: ‘लाईट यायची रात्र असते तेव्हा, घरातून कोणी बाहेर पडायच्या आधी, विहिरीवर तिन्ही फेज आहेत का आणि मोटर खरंच चाललीय का हे कळावं, म्हणजे फुकटचा हेलपाटा होऊ नये आणि कुणाला एकट्याला पाठवावं लागू नये.’ लांबलचक आहे, मान्य. पण यात कोण, केव्हा, कशाच्या आधी आणि काय टाळायला हे सगळं आहे. ‘दुरून नियंत्रण’मध्ये यातलं काहीच नव्हतं.

हे वाक्य खरं की आपल्याला आवडलं म्हणून खरं, हे तपासायची माझी एकच रीत आहे. ज्यांनी घेतलं नाही किंवा परत केलं, त्यांचं वागणं या वाक्याने उलगडतं का? यंत्र परत केलेल्यांकडे गेलो. जमीन कमी-जास्त, वयं वेगवेगळी, कुणाकडे भारी फोन, कुणाकडे साधा. त्या तक्त्यांतून काही हाती लागेना. मग एकाने चहा पिता पिता सांगितलं, “मोटर घरून चालू झाली, पण दारं धरायला कोण जाणार?” पाटपाण्याने ऊस भिजवायचा तर एका सरीतलं पाणी दुसऱ्या सरीत वळवायला माणूस बांधावर लागतोच. मोटर कुठूनही चालू करा, त्याची रात्र काही वाचत नाही. ज्यांनी यंत्र ठेवलं ते बहुतेक ठिबकवाले, नाहीतर विहिरीतून शेततळ्यात पाणी उचलून ठेवणारे. त्यांच्या शेतात रात्री माणूस लागत नाही. हेलपाटा टाळणं हे काम, आणि दारं धरणाऱ्याचा हेलपाटा टळतच नव्हता. इतकं सरळ. पण तक्त्यात ‘दारं धरणं’ आणि ‘पाणी देणं’ दोन्हीचं भाषांतर ‘इरिगेशन’ या एकाच इंग्रजी शब्दाने झालं होतं, त्यामुळे फरक दिसायची सोयच उरली नव्हती.

म्हणून तुम्हाला माझी पहिली विनंती: इंग्रजीत टंकलेलं बाजूला ठेवा आणि मराठी रेकॉर्डिंग पुन्हा ऐका. मुलाखत मराठीत आणि विश्लेषण इंग्रजीत ही आपल्याकडची जुनी खोड आहे. परदेशातल्या वरिष्ठांना कळावं म्हणून ती लागली आणि आता वरिष्ठ नाशिकचे असले तरी सुटत नाही. भाषांतरात नामं टिकतात आणि क्रियापदं मरतात. काम तर क्रियापदात असतं. संगणकाकडून रेकॉर्डिंग टंकून घेत असाल तर तेही ताडून बघा. आमच्या एका फाईलमध्ये ‘दारं धरली’चं ‘दारू धरली’ झालं होतं आणि कुणीतरी त्यावर ‘व्यसन’ अशी चिठ्ठी लावायच्या बेतात होतं.

क्रियापदं म्हणतो ती अशी. मराठीत माणूस काय केलं एवढंच सांगत नाही, कशा मनाने केलं तेही क्रियापदाच्या शेपटात सांगून जातो. ‘जावं लागतं’, ‘करावं लागतं’ आलं की मी खूण करतो, तिथे टोचतंय. ‘जाता येईना’, ‘जमेना’ आलं की अडलंय. ‘करायचं होतं, पण’ यात अर्धवट राहिलेलं काम असतं, ‘पण’च्या पुढचं चारदा ऐका. ‘वाट बघत बसलो’, ‘मोजत बसते’ यातला ‘बसणं’ म्हणजे जाणारा वेळ. आणि ‘असं मिळालं तर घेईन’, ‘असतं तर वापरलं असतं’ या वाक्यांना मी वेगळा रंग देतो आणि विश्लेषणातून सरळ बाहेर ठेवतो. तो पाहुणचार असतो. तुम्ही लांबून आलात, चहा घेतलात, तुमचं मन राखलं.

खरेदीच्या क्रियापदांकडे तर खास लक्ष द्या. घेतला, घेऊन टाकला, घेऊन ठेवला, घ्यावा लागला. चौघांकडे वस्तू एकच असेल, पण ‘घेऊन टाकला’वाल्याने रोजच्या कटकटीला कंटाळून एका दिवसात निकाल लावलाय, ‘घेऊन ठेवला’वाल्याचा खोका अजून माळ्यावर असू शकतो आणि ‘घ्यावा लागला’मागे कुणीतरी दुसरं उभं आहे: मुलगा, डेअरीचा चेअरमन, नाहीतर कुठलीशी योजना. इंग्रजीत चौघांचं एकच क्रियापद होतं.

काही शब्द तर सरळ फसवतात. ‘परवडत नाही’ ऐकलं की मंडळी ‘किंमत’च्या गठ्ठ्यात टाकतात. पण ‘रोज तालुक्याला जाणं परवडत नाही’मध्ये पैसा दुय्यम असतो, वेळ आणि दगदग मोठी. परवडत नाही म्हणजे या खटाटोपातून जे मिळतं ते त्या मोलाचं नाही. नेमकं काय परवडत नाही ते आधीच्या चार वाक्यांत सापडतं. ‘घरी विचारून सांगतो’ हा बहुतेक वेळा नकार, पण कधीकधी खरंच घरी विचारायचं असतं आणि मग तुम्ही चुकीच्या माणसाची मुलाखत घेतलेली असते. आणि ‘माणसाला झोप तर पाहिजे ना’ असं कोणी म्हणालं तर तो ‘माणूस’ म्हणजे बोलणारा स्वतः. ‘लोक नावं ठेवतात’चंही तसंच. आपल्याकडे आपलं दुखणं तिऱ्हाइताच्या तोंडून सांगायची रीत आहे.

गठ्ठे करायला माझी हरकत नाही. जपानचे मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांच्यापासून चिठ्ठ्यांची ही पद्धत चालत आलीय आणि ती चांगली आहे. पण त्यातही चिठ्ठ्या आधी जमवायच्या, एकमेकींशेजारी ठेवून वाचायच्या आणि नाव शेवटी द्यायचं. आपण गठ्ठ्याचं नाव आधी ठरवतो आणि चिठ्ठ्या त्यात कोंबतो. गठ्ठ्याला नाव देताना नाम वापरायचं नाही, पूर्ण वाक्य लिहायचं, एवढा एक नियम केलात तरी ‘विश्वास’ आपोआप फुटेल.

आणि गठ्ठे माणसांचे करू नका, परिस्थितीचे करा. ‘लहान शेतकरी’, ‘मोठा शेतकरी’ हे तक्ते सरकारी कामाला ठीक. आमच्या त्या दादांचंच घ्या. दिवसाच्या लाईटच्या पाळीत त्यांना फेज आहे का हे कळण्याची काही पडलेली नसायची, ते शेतातच असायचे. विहिरीला पाणी कमी झालं की वेगळीच चिंता, मोटर कोरडी तर चालत नाही ना. माणूस एकच, पण वेळ बदलली की काम बदलतं.

वाक्य किती मोठं किंवा बारीक असावं यावरून गटात भांडणं होतात. ‘उत्पन्न वाढवणं’ लिहिलं तर त्यात जगातली सगळी शेती मावते, ‘बटण दाबणं’ लिहिलं तर तुम्ही आपलंच यंत्र पुन्हा लिहिताय. मी एक साधी युक्ती करतो. वाक्यात आपल्या वस्तूचं नाव किंवा तिचा कुठलाही भाग आला तर वाक्य खोडायचं. आणि ते वाचून ग्राहक आज दुसरं काय करून भागवतो हे सांगता आलं नाही, तरीही खोडायचं. दादांच्या बाबतीत उत्तर होतं: विहिरीजवळच्या वस्तीवरच्या माणसाला फोन करून ‘लाईट आली का रे’ विचारणं. आमच्या यंत्राची खरी स्पर्धा त्या शेजाऱ्याशी होती, आणि तो फुकट होता. फक्त रोज रात्री दोनला त्याला उठवायचा संकोच वाटायचा.

मुलाखती १४ पुरतात का? एकाच प्रकारच्या परिस्थितीतल्या लोकांसाठी बऱ्याचदा पुरतात. ग्रेग गेस्ट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासल्या, तेव्हा बहुतेक मुद्दे पहिल्या १२ मध्येच येऊन गेले होते. पण तुमच्या १४ मध्ये दूध घालणं बंद केलेले किती आहेत, संकलन केंद्र बदललेले किती आहेत? एकही नसेल तर आणखी १४ जणांकडे जाऊ नका, अशा सोडून गेलेल्या तिघा-चौघांकडे जा.

आता त्या ताई आणि त्यांचा डबा. मी ती मुलाखत ऐकलेली नाही, त्यामुळे हे वाचन कच्चं धरा. पण “चिठ्ठ्या मी डब्यात ठेवते” यात विश्वास मला कुठेच दिसत नाही. दिसतो तो एक उपाय, जो त्या आज स्वतः चालवतायत. संकलन केंद्रावर लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) छापलेली चिठ्ठी सकाळ-संध्याकाळ मिळते. दहा दिवसांच्या हप्त्याला वीस होतात. त्या डब्यात का ठेवतात, फेकून का देत नाहीत? हप्ता आला की जुळवून बघतात का? जुळवतात तर दुधाची बेरीज जुळवतात, की हप्त्यातून पेंडीचे आणि उचलीचे पैसे किती कापले ते? मागच्या वेळी जुळलं नव्हतं तेव्हा कुणाशी बोलल्या, सेक्रेटरीशी की आधी घरात? की चिठ्ठ्या जुळवण्यासाठी नाहीतच, म्हशीचं फॅट उतरायला लागलं की पेंड बदलायची, त्यासाठी जुनी चिठ्ठी लागते? की दूध आपल्या कष्टाचं आणि हप्ता दुसऱ्याच्या खात्यावर, म्हणून आपण किती कमावलं याचा तेवढाच पुरावा त्यांच्या हाती असतो? ही चार वेगवेगळी कामं आहेत आणि चौघांसाठी चार वेगवेगळी ॲप बनतील. पहिल्याला बेरीज लागेल, दुसऱ्याला कपातीचा खुलासा, तिसऱ्याला म्हशीगणिक नोंद, आणि चौथीला कदाचित ॲप नकोच असेल, कारण घरातला फोनही दुसऱ्याच्याच खिशात असतो.

तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये ती जागा शोधा. ताईंनी पुढे काही सांगितलं होतं का आणि तुमच्या माणसाने ‘बरं, आणि ॲप वापरता का?’ म्हणून तोडलं का, ते बघा. तोडलं असेल तर पुन्हा जा, हप्ता झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, धारेची वेळ सोडून. प्रश्नावली नेऊ नका. ताईंना डबा काढायला सांगा आणि सगळ्यात तळाची चिठ्ठी कधीची आहे ते बघा. चालू हप्त्याच्याच असतील तर एक गोष्ट, दोन वर्षांपूर्वीच्या निघाल्या तर वेगळी.